मागच्या चाकांचा वाटा

पैसे मोजून एखादी गोष्ट कमी करून घ्यावी, हे माझ्या वडिलोपार्जित शहाणपणाला कधीच पटलेले नाही. केस कापण्याचा अपवाद सोडला, तर आमच्या घरातून पैसा बाहेर पडला तो काहीतरी वाढवण्यासाठीच. म्हणून गेल्या श्रावणात मेस्त्री जेव्हा मला म्हणाले, “मास्तर, मागच्या चाकांचा ब्रेक जरा कमी करणारा एक व्हॉल्व्ह टाकावा लागंल, त्याचं पैसं येगळं,” तेव्हा मी मोठ्याने हसलो. त्या हसण्याची आठवण आज झाली, की अजून कानशिले गरम होतात.

गाडी माझ्या थोरल्या भावाची. प्रीमियर पद्मिनी. सांगलीत वालचंद हे नाव सगळ्यांना ठाऊक असते ते विश्रामबागेतल्या इंजिनिअरिंग कॉलेजामुळे. पण त्याच वालचंद हिराचंदांनी १९४४ साली मुंबईत प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली, आणि कुर्ल्याच्या कारखान्यातून फियाटच्या गाड्या बाहेर पडू लागल्या. त्यांतलीच अकराशे पुढे सत्तरच्या दशकात ‘पद्मिनी’ झाली. आता ती बनत नाही. मुंबईच्या टॅक्सीच्या तळावरूनही शेवटची काळी-पिवळी पद्मिनी ऑक्टोबर २०२३ मध्ये उतरली. आमची मात्र अजून चालते. दादाने तिच्यावर जीव टाकला होता. नव्वदच्या दशकात त्याने तिचे मूळचे १०८९ सी.सी.चे इंजिन काढून प्रीमियरच्याच ११८ एन.ई.चे, निस्सानच्या परवान्याने बनवलेले ११७१ सी.सी.चे इंजिन बसवले, आर.टी.ओ.त त्याची रीतसर नोंद करून घेतली, आणि त्या दिवशी साऱ्या आळीला पेढे वाटले. घरात नवे बाळ आले तेव्हा वाटले होते त्यापेक्षा ते पेढे जरा मोठेच होते, असे वहिनी अजून म्हणतात.

ते बाळ म्हणजे माझा पुतण्या. दादा गेला तेव्हा तो दहावीत होता. त्यानंतर बापाच्या जागी काका, असे जे नाते आपल्याकडे न विचारता पदरात पडते, ते माझ्या पदरात पडले. मुलगा कुपवाडच्या एम.आय.डी.सी.त एका कारखान्यात सी.एन.सी. यंत्रावर लागला, पहिल्या पगाराच्या पैशांत कोल्हापूरला हुपरी रस्त्यावरच्या ट्रॅकवर कार्ट पळवून आला, आणि घरी येऊन त्याने गोठ्यातून ओढून काढावी तशी बापाची गाडी बाहेर काढली. कार्बुरेटर बदलला, इंजिनाचे हेड घासून घेतले, रुंद रेडियल टायर चढवले. वहिनींना ती गाडी विकायची होती. मी मध्ये पडलो. म्हटले, “राहू द्या वहिनी, बापाची वस्तू आहे.” खरे सांगायचे, तर गाडीचा तो घोगरा आवाज संध्याकाळी गल्लीत शिरला, की क्षणभर मलाच दादा आल्याचा भास होई, आणि तो मोडावासा वाटत नव्हता.

गाडी पळू लागली, आणि मग थांबण्याचा प्रश्न आला. रत्नागिरीला जाताना आंबा घाट उतरत असता एकदा भाजक्या रबरासारखा वास सुटला आणि ब्रेक पायाखाली मऊ पडला. पेडल दाबावे तो खालीच जाई. मुलाने पहिला गियर टाकून गाडी कशीबशी कडेला घेतली. घरी आल्यावर त्याने मला याचे गणित समजावून दिले. हजार किलोची गाडी पाचशे मीटर खाली उतरवायची, तर तिच्या वजनाची सगळी ऊर्जा कुठेतरी जायला हवी. वारा आणि इंजिन त्यातली काही खातात. उरलेली ब्रेकमध्ये उष्णता होऊन उतरते. ती सगळीच्या सगळी साठवता आली, तर सोळा-सतरा लिटर पाण्याला आधण येईल. म्हणजे दिवाळीच्या पहाटे आपण पेटवतो तो तांब्याचा बंब भरेल एवढे. आणि हे सगळे चार लोखंडी ड्रमच्या पोटात, बंद जागेत. त्यात ब्रेक ऑइल हवेतले पाणी शोषून घेत असते. नवे असताना साधे ‘डॉट ३’ ऑइल २०५ अंशांपर्यंत उकळत नाही. पाणी मुरले, की १४० अंशांच्या आसपासच उकळायला लागते. उकळले की वाफेचे बुडबुडे होतात. वाफ दाबली जाते, ऑइल दाबले जात नाही. म्हणून पाय नुसता खाली जातो.

तेव्हा ब्रेक मोठे करायचे ठरले. डिस्क ब्रेक ही कल्पना जुनी आहे. लँचेस्टर नावाच्या इंग्रजाने तिचे पेटंट १९०२ सालीच घेतले होते. पण ती खरी मान्यता पावली १९५३ मध्ये, फ्रान्समधल्या ल मान्सच्या चोवीस तासांच्या शर्यतीत डिस्क ब्रेक लावलेली जग्वार पहिली आली तेव्हा. उघड्या वाऱ्यात फिरणारी तबकडी ड्रमपेक्षा लवकर निवते, एवढेच तिचे रहस्य. मुलाने एका भंगारवाल्याकडून पुढच्या चाकांसाठी डिस्क आणि कॅलिपर मिळवले, ते बसवायचे ब्रॅकेट कारखान्यातल्या साहेबांच्या परवानगीने स्वतः कापले, आणि सगळा संसार मिरजेच्या मेस्त्रींच्या पुढ्यात नेऊन ठेवला.

मेस्त्री साठीचे. बोलणे थोडे, आणि त्यातलेही निम्मे पान्ह्याशी. त्यांनी सगळे उलटेपालटे करून पाहिले आणि सांगितले, की डिस्कला पायाचा जोर जास्त लागतो, म्हणून बूस्टर टाकावा लागेल. मास्टर सिलेंडरही बदलावा लागेल. आणि मागे तो कमी करणारा व्हॉल्व्ह.

पैसे मी देणार होतो. दादाच्या मुलाला एवढे तरी द्यावे, ही भावना होती, आणि दिल्यावर दोन शब्द बोलायचा हक्क मिळतो, हीही होती. मी म्हणालो, “मेस्त्री, पुढच्या चाकांना एवढं नवं नवं, आणि मागच्यांनी काय घोडं मारलंय? त्यांना आहे तेही कमी करायचं, आणि वर त्याचे पैसे द्यायचे? उलट त्या पैशांत मागंही नवे लायनर टाका, मोठे सिलेंडर टाका. चारही चाकं आपलीच आहेत.”

मुलगाही माझ्या बाजूने झाला. जास्त ब्रेक म्हणजे जास्त चांगले, हे त्यालाही पटण्यासारखे होते; शिवाय कार्टमध्ये ब्रेक नुसता मागच्या आसालाच असतो, त्याची सवय त्याच्या पायात होती. मेस्त्री दोनदा म्हणाले, “तसं नसतंय मास्तर.” तिसऱ्यांदा म्हणाले नाहीत. मी शाळेत पंचवीस वर्षे पोरांना सांगत आलो, की समजले नाही तर पुन्हा विचारा. मेस्त्रींना मात्र मी पुन्हा विचारले नाही. व्हॉल्व्ह राहिला. मागे मोठे सिलेंडर आणि चिकट लायनर बसले. गावात गाडी अशी काही जागच्या जागी उभी राहू लागली, की आम्ही दोघे खूश होतो.

भाद्रपदात गौरी-गणपती उरकल्यावर वहिनींना आणायला आम्ही चिपळूणला निघालो. त्यांचे माहेर तिकडचे. कराड, पाटण, कोयनानगर करीत कुंभार्ली घाटाच्या माथ्याला आलो तेव्हा पावसाची झड नुकती सरली होती. रस्ता काळा, चकचकीत. कडेच्या गवतातून पाणी आडवे वाहत होते. मुलगा बेताने चालवत होता. दुसऱ्या गियरमध्ये होता. हे मी मुद्दाम सांगतो, कारण पुढे जे झाले त्यात त्याच्या वेगाचा दोष नव्हता.

एका डाव्या वळणावर समोरून लाल एस.टी. वर आली. रस्ता अरुंद. मुलाने ब्रेक दाबला, आणि गाडीचा मागचा भाग आमच्याशी फारकत घेतल्यासारखा उजवीकडे निघाला. आवाज काही नाही. समोरच्या काचेतून एस.टी. सरकत गेली, मग डोंगर आला, मग आम्ही आलो तो रस्ता आला. मी ‘अरे’ एवढेच म्हणालो असेन. मागची बाजू दरीकडच्या दगडी कठड्यावर आदळली आणि गाडी आडवी थांबली. एस.टी. चार हातांवर उभी होती.

ड्रायव्हर खाली उतरला. पन्नाशीचा माणूस. मला वाटले, आता शिव्या ऐकाव्या लागणार. त्याने आधी आम्हा दोघांना हातपाय हलवून बघायला लावले, मग गाडीभोवती एक फेरी मारली. मुलाचे ओठ पांढरे पडले होते. त्याच्या खांद्यावर हात ठेवून ड्रायव्हर म्हणाला, “पोरा, गाडीचं बूड नेहमी मागंच राहायला पाहिजे. ते पुढं यायला लागलं, तर ब्रेकमध्ये काहीतरी उलटं बसलंय. आधी ते बघ.” आणि तो आपल्या पाऊणशे उतारूंकडे निघून गेला.

आम्ही सावकाश, गियरच्या जोरावर खाली उतरलो. वाटेत कोणी बोलले नाही. परत येताना याच गाडीत मागच्या सीटवर वहिनी बसणार होत्या, हे दोघांच्याही मनात होते, आणि दोघांनाही ते दुसऱ्याच्या मनात असल्याचे कळत होते.

चिपळूणला वहिनी अंगणात आल्या. चेपलेला मडगार्ड त्यांनी पाहिला. मी म्हणालो, “वहिनी, चूक माझी. मेस्त्री सांगत होते, मीच ऐकलं नाही.” त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत. जेवणे झाली. दुसऱ्या दिवशी सकाळी पिशवी भरून बाहेर आल्या आणि म्हणाल्या, “मी एस.टी.नं जाते. भाऊजी, तुम्ही मात्र त्याच्याबरोबर गाडीतच बसा. एकटा नको.” ज्या गाडीत त्या स्वतः बसायला तयार नव्हत्या, तिच्यात मुलाला एकट्याला सोडायला त्या तयार नव्हत्या, आणि तिच्यात मला बसवायला तयार होत्या. हा विश्वास होता की शिक्षा, हे मी आजवर ठरवू शकलेलो नाही. घाट चढायचा होता, ब्रेकचे काम थोडे होते. तरी सारा रस्ता माझा उजवा पाय नसलेला ब्रेक दाबत होता.

मिरजेला गेलो. मेस्त्रींनी “मी म्हणालो होतो” हे वाक्य उच्चारले नाही. आयुष्यात ते वाक्य न उच्चारणारी माणसे मी बोटांवर मोजण्याइतकीच पाहिली आहेत. त्यांनी स्टूल पुढे सरकवले आणि विचारले, “मास्तर, बैलगाडी कधी भरलीया?”

मेस्त्रींचे वडील सांगलीच्या साखर कारखान्यावर गाडीने ऊस टाकीत. ऊस पुढे जास्त भरला, तर बैलांच्या मानेवर दाब येतो. मागे जास्त झाला, तर गाडी उलाळते, जू वर उचलते आणि बैलांचे पाय जमिनीवर ठरत नाहीत. “सपाटीवर बरोबर भरल्याली गाडी उताराला लागली, की आपोआप दाबती,” मेस्त्री म्हणाले. “ओझं पुढं सरकतंय. ऊस तिथंच आसतोय, पर वजन पुढं जातंय. मोटारीचंबी तेच.”

मुलाने तिथेच एका खोक्याच्या पुठ्ठ्यावर हिशेब मांडला. गाडी हजार किलोची धरू; उभी असताना पाचशे पुढे, पाचशे मागे. पुढच्या-मागच्या चाकांत अंतर अडीच मीटर, वजनाचा मध्य जमिनीपासून अर्धा मीटर वर. कोरड्या रस्त्यावर कचकन ब्रेक दाबला, तर पृथ्वीच्या ओढीच्या आठ-दशांश एवढा जोर गाडीला मागे खेचतो. तेवढ्याने १६० किलो वजन मागून उठून पुढे जाते. मग पुढे ६६०, मागे ३४०. टायर रस्त्याला धरतो तो त्याच्यावरच्या वजनाच्या प्रमाणात. म्हणजे थांबवण्याच्या कामात पुढच्यांचा वाटा सुमारे दोन-तृतीयांश आणि मागच्यांचा एक-तृतीयांश. मागच्यांना याहून जास्त ब्रेक दिला, तर ती चाके अडकतात आणि घसरतात. आणि घसरणाऱ्या टायरला दिशा नावाची गोष्ट उरत नाही. पुढची आधी अडकली, तर गाडी वळत नाही पण सरळ तरी जाते. मागची आधी अडकली, तर गाडी फिरते.

आणि आम्ही काय केले होते? ड्रमचा एक स्वभाव असतो: फिरता ड्रम आपल्या लायनरला स्वतःच आत ओढून घेतो, त्यामुळे थोड्या दाबात जास्त धरतो. डिस्कला ती मदत नसते, म्हणून बूस्टर लावून दाब वाढवायचा. पण पाइपातला दाब चारही चाकांना सारखाच जातो. पुढच्या डिस्कसाठी वाढवलेला तो दाब मागच्या ड्रमलाही मिळाला, आणि त्याला स्वतःची ओढ होतीच. त्यावर माझ्या न्यायबुद्धीने दिलेले मोठे सिलेंडर आणि चिकट लायनर. वर घाटाचा उतार, ओला रस्ता, वळण. आणि पद्मिनीत इंजिनाचा जोर मागच्या चाकांना असल्यामुळे दुसऱ्या गियरचे ओढणेही त्यांच्याच माथी. मागच्या चाकांवर अन्याय होऊ नये म्हणून मी त्यांना त्यांच्याच्याने झेपणार नाही एवढे दिले होते.

मेस्त्रींनी आणखी एक गोष्ट सांगितली, ती मला फार आवडली. मोठा ब्रेक गाडी लवकर थांबवतो हा समज खोटा. ब्रेक चाक थांबवतो, गाडी थांबवतो टायर. लहान ब्रेकनेही चाक अडकते. मोठ्या डिस्कचा खरा उपयोग उष्णता पोटात घेण्याचा, दहाव्या वळणावरही पहिल्यासारखे धरण्याचा. म्हणून पुढची डिस्क दहा टक्के मोठी घ्यायची असेल, तर कॅलिपरच्या पिस्टनचे क्षेत्रफळ तेवढ्या प्रमाणात लहान बघायचे. ताकद तीच राहते, वाटणी तीच राहते, आणि सोसण्याची शक्ती वाढते. दोन्हीकडचे पॅड-लायनरही असेच जोडीने निवडायचे. आजच्या गाड्यांत हा हिशेब संगणक करतो; एप्रिल २०१९ पासून तर आपल्याकडे नव्या मोटारींना ए.बी.एस. सक्तीचेच आहे. जुन्या गाडीला तो शहाणपणा माणसाने घालावा लागतो.

मागचे जुने सिलेंडर आणि साधे लायनर परत बसले. तो व्हॉल्व्ह आला. तळहातावर मावेल एवढा पितळी तुकडा, वर फिरवायची एक मूठ. मागच्या पाइपात बसून तो एवढेच करतो, की पाय हलका असेतो मागच्या चाकांना पूर्ण दाब जाऊ देतो, आणि पाय जड झाला, की त्यांच्याकडे जाणारी वाढ आखडती घेतो. पैसे मी दिले. घासाघीस केली नाही.

मग तो किती फिरवायचा हे ठरवायचे होते. एका रविवारी भल्या पहाटे कवलापूरच्या बाजूला, विमानतळासाठी म्हणून वर्षानुवर्षे राखलेल्या माळाजवळ एक रिकामा सरळ रस्ता गाठला. मेस्त्री म्हणाले, चाक कधी अडकते हे बाहेरून दिसायला हवे, टायरवर काहीतरी खूण पाहिजे. माझ्या खिशात खडू होता. मास्तराच्या खिशात तो रविवारीही असतो. चारही टायरच्या बाजूंवर मी मधोमध एकेक जाड पांढरी रेघ ओढली. मुलगा ताशी चाळीसच्या वेगाने येई, ठरल्या दगडाशी ब्रेक दाबी, आणि मी व मेस्त्री रस्त्याच्या कडेला उकिडवे बसून रेघांकडे बघत असू. पहिल्या खेपेला मागची रेघ आधी थांबली. मेस्त्रींनी मूठ फिरवली. पुन्हा तेच. पुन्हा मूठ. सहाव्या की सातव्या खेपेला पुढची रेघ थांबली, आणि मागची एक निमिष, अगदी एक निमिष उशिरा थांबली. मेस्त्री उठले, धोतराची माती झाडली आणि म्हणाले, “झालं. आता हात लावू नका.”

मुलाने खाली उतरून चारही रेघा पुसल्या. मागच्या चाकाशी तो जरा जास्त वेळ बसला. वर न बघता म्हणाला, “काका, तुम्ही आईला चूक तुमची म्हणालात. मीपण तेच म्हणत होतो की. मला पण व्हॉल्व्ह नको होता.” मी म्हणालो, “पैसे माझे होते.” तो म्हणाला, “गाडी माझी होती.” यावर दोघांनाही पुढे काही सुचेना. मेस्त्री टपरीवरून तीन चहा घेऊन आले तेव्हा बरे वाटले.

गेल्या नरकचतुर्दशीला पहाटे बंब पेटला होता. मी अंगणात उटणे लावून कुडकुडत उभा होतो. आंघोळी आटोपल्यावर वहिनी गणपतीच्या देवळात जायला निघाल्या. मुलगा गाडी पुसत होता. त्या पायऱ्या उतरल्या, गाडीपाशी थांबल्या, आणि मागचे दार उघडून आत बसल्या. देवळात जायचा रस्ता दहा मिनिटांचा, घाट नाही, उतार नाही.

मुलगा जागेवर बसता बसता म्हणाला, “आई, मागं बसलीस ते बरं झालं. मागच्या चाकांवर वजन आलं की ती नीट धरतात.”

“हो का?” वहिनी म्हणाल्या. “चल मग. आणि हळू.”

मला कोणी बोलावले नाही. मी दाराशी उभा राहून गाडी कोपऱ्यापर्यंत गेलेली पाहिली. कोपऱ्यावर एक कुत्रे आडवे आले. मागचा दिवा लागला, गाडीचे नाक किंचित वाकले, बूड जागच्या जागी राहिले, आणि कुत्रे निवांतपणे पलीकडे गेले.